माल्कमची बाग आणि रडतोंडीचा घाट

तौलनिक साहित्याच्या तासाला जेन ऑस्टेनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) ही कादंबरी आली की पेम्बर्लीपाशी आमची गाडी दरवर्षी अडते. एलिझाबेथ आपल्या मामा-मामींबरोबर एका परक्या जमीनदाराचा वाडा पाहायला जाते. घराची व्यवस्था पाहणारी बाई त्यांना दालने दाखवते, मग माळी येऊन बागेकडे नेतो. इंग्लंडात ही त्या काळी रूढ गोष्ट होती. आमचे विद्यार्थी मात्र महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतून येतात. त्यांना भातखाचर कळते, वरकस जमीन कळते, परसू कळते. कोकणात बाग म्हटली की ती नारळी-पोफळीची किंवा आंब्याची, म्हणजे उत्पन्नाची. नुसती फिरण्यासाठी, आणि तीही दुसऱ्याची, बाग कोणी कशाला पाहायला जाईल, हा त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या डोक्यावरच आहे हे सुचायला आम्हालाच काही वर्षे लागली.

डोक्यावर, म्हणजे अक्षरशः. पोलादपुराहून आंबेनळी घाट चढला की सुमारे चाळीस किलोमीटरवर महाबळेश्वर. आमची सावित्री तिथेच उगम पावते आणि पोलादपूर, महाड, दासगाव करीत बाणकोटला समुद्रास मिळते. गेल्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही हा उलटा प्रवास केला, आणि तो करताना लक्षात आले की इंग्रज साहेबही सुरुवातीला याच वाटेने वर जात असे. मुंबईहून समुद्रमार्गे बाणकोट, तेथून खाडीने दासगाव, पुढे महाड, पोलादपूर आणि मग घाट. त्या जुन्या घाटाला आपल्याकडे रडतोंडीचा घाट म्हणतात. ज्याने तो चढला त्याला नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. इंग्रजांच्या लेखणीत त्याचे 'रोटंडा' झाले! गोल घुमटाच्या इमारतीला शोभणारे हे भारदस्त नाव वाचून कुणाला तिथल्या रडव्या तोंडांची शंकाही येणार नाही. पालख्या आणि सामान वाहणाऱ्यांची तोंडे कशी होती, हे जुन्या नावात आहे, नव्या नावात नाही. शब्दांची व्युत्पत्ती शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

वरचा इतिहास थोडक्यात असा. साताऱ्याच्या छावणीतला लॉडविक हा अधिकारी १८२४ मध्ये या डोंगरावर चढला आणि त्याने इथल्या हवेची वाखाणणी केली. साताऱ्याच्या राजाने वर येण्यासाठी रस्ता बांधला. सर जॉन माल्कम १८२७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याने इथे आरोग्यस्थान वसवले. १८२९ मध्ये प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन वाईकडील खंडाळा गावाच्या मोबदल्यात ही जागा कंपनीकडे आली. पेठेला नाव मिळाले माल्कमपेठ आणि गव्हर्नरच्या बंगल्याला माउंट माल्कम.

या माल्कमपाशी थोडे थांबायला हवे. स्कॉटलंडातल्या एस्कडेल खोऱ्यातील एका शेतकऱ्याचा हा मुलगा. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली ती याच्यासमोर, आणि आठ लाखांचे सालीना वेतन ठरवून पेशवाईचा शेवटचा कागद केला तोही यानेच. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी हाच गृहस्थ जावळीच्या रानावर बंगला बांधतो. जवळच्या बॉम्बे पॉइंटवरून समोर प्रतापगड दिसतो. अफझलखानाचे सैन्य ज्या रानात अडकले, ते रान आता सूर्यास्त पाहण्याचे ठिकाण झाले. जिंकलेला मुलूख 'देखावा' म्हणून पाहता येणे, ही आमच्या मते जिंकण्याची शेवटची पायरी होय. पेम्बर्लीच्या बागेतही टेकडी, झाडी आणि ओढा मालकाच्या खिडकीतून दिसावेत अशीच रचना आहे. इथे खिडकीत सबंध सह्याद्री आला.

माळ्याच्या शोधाला आम्ही इथूनच लागलो. ऑस्टेनच्या कादंबरीत माळी निदान दारापाशी भेटतो. महाबळेश्वरच्या पॉइंटांची नावे वाचत गेलो तर लॉडविक भेटतो (त्याच्या स्मरणार्थ स्तंभही आहे), एल्फिन्स्टन भेटतो, फॉकलंड भेटतो. १८३१ मध्ये इथे वारलेल्या बेकविथचेही स्मारक आहे. माळ्यांची मात्र एकच खूण सापडते, 'चायनामन्स फॉल' हा धबधबा. मलाक्केकडील वसाहतींतून शिक्षा होऊन आलेले चिनी आणि मलायी कैदी इथल्या तुरुंगात ठेवलेले होते. तो तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. तोवर इंग्रजी भाज्या आणि बटाटे यांची लागवड त्यांनी इथे रुजवली. धबधब्याजवळच्या वाफ्यांत ते काम करीत, म्हणून हे नाव. त्यांच्यापैकी एकाचेही स्वतःचे नाव एकाही पॉइंटला नाही. लेडी फॉकलंड ही गव्हर्नरची पत्नी वनस्पतींची जाणकार होती. तिच्या 'चौ-चौ' (१८५७) या पुस्तकात महाबळेश्वर मोठ्या प्रेमाने आले आहे. ते पुस्तक आम्हाला आवडते हे कबूल करतो. पण दृश्य रेखाटणाऱ्याची जागा आणि वाफा खणणाऱ्याची जागा एक नसते.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. या डोंगरात धावड लोक दगडापासून लोखंड गाळीत. भट्टीला कोळसा लागे, कोळशाला झाडे लागत, म्हणून जंगलरक्षणासाठी त्यांचा धंदा बंद करण्यात आला. पोलादपूर या नावाचे कोडे इथे सोडवण्याचा मोह होतो. तो आम्ही आवरतो. एवढेच म्हणतो की आज महाबळेश्वरची जी सदाहरित राई आपण अभिमानाने दाखवतो, ती राखण्यात एका जमातीची भट्टी विझली. राई राखली गेली याचे वाईट वाटत नाही, आणि भट्टी विझली याचे वाटते. दोन्ही खरे आहे. साहेबाचे सगळेच प्रयोग साधले असेही नाही. १८६५ मध्ये लिंगमळ्याला सिंकोना लावला, तो काही वर्षांत सोडून द्यावा लागला. इथला पाऊस कोणाचीही भीड ठेवत नाही.

परततांना बहुतेक जुन्या बंगल्यांची फाटके बंदच होती. आत गुलाब, सिल्व्हर ओक आणि मोठी पिंपळपाने पसरलेली अंगणे दिसली. आमच्यातल्या एका मुलीने फाटकाच्या गजांतून पाहत विचारले, "सर, आपण तिकीट काढून पेम्बर्लीत जाऊ शकतो, इथे का नाही?" पेम्बर्ली कादंबरीत आहे, असे आम्ही म्हणालो. उत्तर चुकले हे आम्हाला लगेच कळले, पण तोवर ती पुढे गेली होती.

बाजारात स्ट्रॉबेरी घेतली. साहेबांच्या काळात आलेले हे फळ आता इथल्या शेतकऱ्याचे झाले आहे आणि २०१० मध्ये 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी'ला भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे बाग शेवटी उत्पन्नाचीच झाली. मुलांचा मूळ प्रश्न इतका काही चुकीचा नव्हता.

उतरताना आंबेनळीच्या वळणांवर जुलै २०२१ मध्ये खचलेल्या दरडींच्या जागा चालकाने दाखवल्या. त्या पावसात वर महाबळेश्वरी आभाळ फाटले आणि खाली महाड पाण्यात गेले; तळिये, केवनाळे आणि साखर सुतारवाडी या आमच्याच तालुक्यांतल्या वस्त्यांवर डोंगर आले. त्या तुकडीतली दोन मुले त्या भागातली होती. ती खिडकीबाहेर पाहत होती, आणि बाकीच्यांनी गाणी म्हणणे आपोआप थांबवले. पोलादपूरला एस.टी. स्थानकापाशी उतरलो तेव्हा स्ट्रॉबेरीचा एक डबा चेपून त्याचा रस पिशवीतून गळत होता.