रॉथमस्टेड कीटक सर्वेक्षण

इंग्लंडमधील हार्पेंडन (हर्टफर्डशर) येथील रॉथमस्टेड या कृषिसंशोधन संस्थेने (स्थापना १८४३) चालविलेली, उडणाऱ्या कीटकांच्या मोजणीची दीर्घकालीन योजना. एका ठरावीक पद्धतीने वर्षानुवर्षे केलेल्या नोंदींमुळे कीटकसंख्येतील चढउतारांच्या अभ्यासात हिला विशेष महत्त्व आहे.

एकोणिसाव्या शतकात कीटकविज्ञानाचा भर मुख्यत्वे नमुने जमविणे व जातींची वर्णने करणे यांवर होता. अशा संग्रहांवरून एखाद्या प्रदेशात कोणत्या जाती आढळतात हे कळते. परंतु त्यांची संख्या वाढते की घटते, हे कळत नाही. संग्राहकाचे लक्ष दुर्मिळ नमुन्यांकडे असते. सर्वत्र दिसणाऱ्या कीटकांची मोजदाद सहसा कोणी ठेवत नाही.

ही उणीव भरून काढणारे काम रॉथमस्टेड येथे कॅरिंग्टन बॉन्सर विल्यम्स (१८८९–१९८१) यांनी सुरू केले. हवामान व चांदणे यांचा कीटकांच्या हालचालींवर होणारा परिणाम अभ्यासण्यासाठी त्यांनी १९३३–३७ या काळात बार्नफील्ड या शेताजवळ प्रकाश-सापळा चालविला. त्यातील मोठ्या पतंगांच्या नोंदींत २४० जातींचे १५,६०९ पतंग होते. त्यांपैकी ३५ जातींचा प्रत्येकी एकच पतंग सापडला होता. थोड्या जाती विपुल व बऱ्याच जाती विरळ, या वाटणीचे गणिती सूत्र संख्याशास्त्रज्ञ रॉनल्ड फिशर यांनी बसविले. विल्यम्स, फिशर आणि मलायातील फुलपाखरांचे अभ्यासक ए. एस्. कॉर्बेट यांचा यासंबंधीचा निबंध १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. जैवविविधता मोजण्याचा एक निर्देशांक त्यातूनच मिळाला.

विल्यम्स यांनी १९४६–५० मध्ये त्याच जागी पुन्हा सापळा चालविला. पुढे १९६० मध्ये एल्. आर्. टेलर (१९२४–२००७) यांनी तेथेच नोंदी सुरू केल्या, तेव्हा पतंगांची संख्या पूर्वीपेक्षा बरीच कमी भरली. दोन्ही नोंदींच्या मधल्या काळात तेथील शेती अधिक सघन झाली होती. जुन्या नोंदी नसत्या, तर ही घट कोणाच्या ध्यानातही आली नसती. टेलर यांनी देशभर प्रकाश-सापळ्यांचे जाळे उभारले. त्यांपैकी बरेच स्वयंसेवक सांभाळतात. १९६४ मध्ये पहिला शोषण-सापळा बसविण्यात आला. हा जमिनीपासून १२.२ मी. उंचीवरील हवा ओढून घेतो. मावा या पिकांवर विषाणुरोग पसरविणाऱ्या किडीच्या आगमनाची पूर्वसूचना शेतकऱ्यांना देणे, हा त्याचा मुख्य हेतू होता.

प्रकाश-सापळ्यांत १९६८–२००२ या ३५ वर्षांत सापडलेल्या ३३७ सामान्य पतंगजातींचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जाती घटत असल्याचे त्यात दिसून आले. दुर्मिळ जातींच्या संरक्षणाकडे लक्ष असतानाच सामान्य जाती नकळत विरळ होत होत्या. मात्र चार ठिकाणच्या शोषण-सापळ्यांतील १९७३–२००२ या काळातील कीटकांच्या एकूण वजनात केवळ हेरफर्ड येथेच लक्षणीय घट आढळली. यावरून एका सापळ्याचा वा एका कीटकगटाचा निष्कर्ष सर्वांना लागू करता येत नाही, हे स्पष्ट होते.

जर्मनीतील क्रेफेल्ड येथील हौशी कीटकविज्ञांच्या मंडळाने १९८९–२०१६ या काळात ६३ संरक्षित क्षेत्रांत जमविलेल्या उडत्या कीटकांच्या वजनात ७५ टक्क्यांहून अधिक घट झाल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले व जगाचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले गेले. तेथे मात्र निम्म्याहून अधिक ठिकाणी केवळ एकाच वर्षी सापळे लावले गेले होते. त्यामुळे त्या निष्कर्षाचा अर्थ लावताना काळजी घ्यावी लागते. एकाच जागी, एकाच साधनाने, खंड न पडता केलेली मोजणी किती मोलाची आहे, हे या तुलनेवरून लक्षात येते. हवामान, पीक किंवा कीड यांसाठी ठेवलेल्या नोंदी पुढे निसर्गाच्या ऱ्हासाचा पुरावा ठरल्या. गेलेल्या वर्षांची मोजणी मात्र नंतर कोणत्याही साधनाने करता येत नाही.