वाळकेश्वरची श्रीगुंडी : नाम व आख्यायिका

मुंबई बेटाच्या नैर्ऋत्येस, मलबार पॉइंटच्या टोकाशी, समुद्रालगतच्या खडकात एक अरुंद भेग होती. तिला श्रीगुंडी म्हणत. या भेगेतून अंग चोरून पलीकडे निघाल्यास पातक झडते व पुनर्जन्म लाभतो, अशी समजूत होती. 1810 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हिंदू पँथिअन' या ग्रंथात एडवर्ड मूर याने तिची दखल घेतली आहे. 1885 नंतर गव्हर्नरांचे कायमचे वास्तव्य याच टोकावर झाले.

इंग्रजी ग्रंथकारांनी श्रीगुंडी म्हणजे 'शुभ शिळा' असा अर्थ केला. मराठीत गुंडा म्हणजे वाटोळा दगड; तेव्हा हा अर्थ निराधार नव्हे. तथापि विधीचे सारे महत्त्व दगडाला नसून छिद्राला आहे, आणि कानडीत 'गुंडि' म्हणजे खड्डा किंवा विवर. ज्या शिलाहारांच्या राज्यात हे बेट मोडत होते, त्यांच्या लेखांत कानडी बिरुदे आढळतात. एवढ्यावरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. परंतु दुसरा अर्थ विधीशी अधिक जुळतो, हे मान्य करावे लागते.

या भेगेतून शिवाजी महाराज, कान्होजी आंग्रे व रघुनाथराव पेशवे गेले, असे सांगत. पैकी पहिल्या दोघांनी परसत्तेच्या बेटावर गुप्तपणे यावे, यात शौर्यकथेचा रंग स्पष्ट आहे. रघुनाथरावांची गोष्ट निराळी. ते इंग्रजांच्या आश्रयाने मुंबईत प्रत्यक्ष राहिले होते, आणि मूरचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या 27 वर्षांनी निघाला. 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणरावांचा वध झाला. त्या पातकास देहान्त प्रायश्चित्तच आहे, असे रामशास्त्र्यांनी सुनावल्याची परंपरा पुण्याकडे प्रसिद्ध आहे. वाळकेश्वरच्या आख्यायिकेत त्याच पुरुषाला खडकातील एका फटीतून पापमुक्तीची वाट मिळते.

दोन्ही कथा एकाच प्रश्नाची उत्तरे होत. एकीत शास्त्राचा निर्णय आहे, दुसरीत लोकविश्वासाची क्षमा. रघुनाथराव भेगेतून खरोखर गेले की नाही, याहून लोकांना ते गेलेले का हवे होते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास अधिक फलदायी ठरेल.