ससाण्याचा प्रश्न

तीन वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यातली गोष्ट. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती आणि सातवीच्या वर्गात मी इतिहासाची उजळणी घेत होतो. मधल्या सुट्टीत एक मुलगा बुटांचा खोका छातीशी धरून माझ्या टेबलापाशी आला. झाकण उघडले तर आत घारीचे पिल्लू! शाळेमागच्या चाळीतले नारळाचे जुने झाड तोडले, त्याबरोबर घरटे खाली आले होते. एक पिल्लू जागीच गेले, हे वाचले. अंगावर निम्मी लव, निम्मी पिसे. पण डोळ्यांत मात्र पुऱ्या घारीचा करारीपणा.

“सर, आमच्याकडे मांजर आहे. तुम्ही न्या ना ह्याला घरी,” मुलगा म्हणाला.

वर्षानुवर्षे भूतदयेचे धडे देणाऱ्या मास्तराला ‘नाही’ कसे म्हणता येणार? खोका मी डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत आणला. आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. आमच्या घरात अंडेसुद्धा कधी शिरलेले नाही. तिने पिल्लाला पाहिले, पदर सावरून ती खाली बसली आणि म्हणाली, “बिचारे! दुधात पाव कुस्करून घाल त्याला.” मी घातला. दुसऱ्या दिवशी मऊ वरणभात घातला. पिल्लू आ वासायचे, आम्ही भरवायचो. घरात तान्हे मूल आल्यासारखे सगळ्यांना झाले होते. तिसऱ्या दिवशी त्याने मान टाकली. तेव्हा कुठे मी एकाकडून क्रमांक मिळवून पक्षी वाचवणाऱ्या एका तरुणाला बोलावले. तो फटफटीवरून आला, पिल्लाला हातात घेऊन त्याने चोचीत पाहिले आणि “काय घालत होता?” एवढेच विचारले. “दूध-पाव,” मी म्हणालो. तो मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरे वाटले असते. रात्री त्याचा निरोप आला, पिल्लू गेले.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला मी हे सांगितले. त्याने थोडा विचार केला आणि विचारले, “सर, मग त्याला काय द्यायला हवे होते?” उत्तर मला ठाऊक होते, पण माळकऱ्याच्या घरात वाढलेल्या माझ्या जिभेवर ते काही येईना.

वाचकहो, हा प्रश्न त्या मुलाने पहिल्यांदा विचारलेला नाही. तो फार जुना आहे, आणि तो एका ससाण्याने विचारला होता.

शिबी राजाची गोष्ट आपण कीर्तनात ऐकलेली असते. भ्यालेले कबुतर राजाच्या मांडीवर येऊन पडते, मागोमाग ससाणा येतो, मग तराजू, मांडीचे मांस, आणि शेवटी राजा स्वतःच पारड्यात बसतो. श्रोते डोळे पुसतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हीच कथा भिंतीवर रंगवलेली आहे. परंतु महाभारताच्या वनपर्वात ती वाचताना मी थबकलो तो राजाच्या त्यागापाशी नव्हे, तर ससाण्याच्या बोलण्यापाशी. (तिथे राजाचे नाव उशीनर आहे, शिबी त्याचा पुत्र. कथा दोघांच्याही नावावर सांगतात.) ससाणा म्हणतो, हे कबुतर माझे अन्न आहे. ते मिळाले नाही तर मी मरेन, माझ्यामागे माझी बायकापोरे मरतील. एका जिवासाठी तू इतके जीव घेणार, हा कसला धर्म? राजापाशी ह्याला धड उत्तर नाही. तो बैल, डुक्कर, हरीण, रेडा, असे दुसऱ्या कशाचे तरी मांस देऊ करतो. म्हणजे ससाण्याला दूध-पाव चालत नाही, एवढे त्या राजाला कळत होते!

शेवटी ससाणा इंद्र निघतो आणि कबुतर अग्नी. इंद्राला भूक नव्हती, म्हणून प्रश्न मिटला. माझ्या खोक्यातले पिल्लू इंद्र नव्हते.

त्या कथेपासून आपली भूतदया बहुतेक कबुतराच्या बाजूची राहिली आहे. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा इटालियन प्रवासी १६२३ साली खंबायतला आला, तेव्हा तिथे आजारी आणि लंगड्या पाखरांसाठी चालवलेले रुग्णालय पाहून तो चकित झाला. आपल्या मुंबईत १८३२ साली भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी हुकमावरून दंगल उसळली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि शहरातले जैन व्यापारी ह्यांनी पांजरपोळ स्थापन केला. पुढे १८७४ साली प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था निघाली, आणि त्यानंतरच्या दशकात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट ह्यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. कितीतरी गाईगुरांचे, कुत्र्यामांजरांचे, पाखरांचे प्राण ह्या दयेने वाचले. तिला नावे ठेवायला मी बसलेलो नाही.

पण अहिंसेच्या व्रतावर उभ्या असलेल्या घरात शिकारी पक्षी आला की मोठी पंचाईत होते. दिल्लीत लाल किल्ल्यासमोर जैन समाजाने चालवलेले पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय आहे. तिथे मांसाहारी पक्ष्याची मलमपट्टी होते, परंतु त्याला मुक्कामाला ठेवून घेत नाहीत. मुक्काम म्हटला की जेवण आले. मी ह्याला हसणार नाही. हसण्याचा अधिकार दूध-पाववाल्याला नाही. ह्याच दिल्लीत नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे दोघे भाऊ गेली अनेक वर्षे घरच्या तळघरात जखमी घारी बऱ्या करीत आले आहेत. लहानपणी एक घायाळ घार घेऊन हिंडताना ती मांस खाणारी म्हणून तिला दार मिळाले नाही, तिथून त्यांचा हा उद्योग सुरू झाला. शौनक सेन ह्यांनी त्यांच्यावर केलेला ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा चित्रपट २०२२ साली साऱ्या जगात गाजला.

ससाण्याला मांस घालणारेही आपल्याकडे होते, ते राजेलोक. कुमाऊंच्या राजा रुद्रदेवाचा ‘श्यैनिकशास्त्र’ नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. हरप्रसाद शास्त्री ह्यांनी तो १९१० साली संपादून प्रसिद्ध केला. ससाणे ओळखावेत कसे, त्यांना काय खाऊ घालावे, शिकवावे कसे, आजारी पडले तर औषध काय, हे सारे त्यात आहे. बाजदारांची एक विद्या तर ऐकून मी थक्क झालो. ससाण्याचे पंखातले पीस मधूनच मोडले, की गळून पडलेले तसेच दुसरे पीस घ्यायचे, बांबूची बारीक काडी दोन्ही पोकळ देठांत बसवायची आणि तुटल्या जागी ते जोडायचे. पक्षी पुन्हा उडू लागतो! आता ही सगळी माया कशासाठी? तर राजाला शिकार मिळावी म्हणून. ज्यांच्यापाशी दया होती त्यांच्यापाशी मांस नव्हते, आणि ज्यांच्यापाशी मांस होते त्यांना आपली हौस भागवायची होती. ससाणा बिचारा दोघांच्या मधे राहिला.

ह्याहून विपरीत प्रकार गिधाडांच्या बाबतीत घडला, आणि तो तर आपल्या डोळ्यांदेखत. नव्वदच्या दशकात भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात गिधाडे माना टाकून मरू लागली. कारण सापडायला २००४ साल उजाडले. गाईबैलांचा ठणका कमी करण्यासाठी ‘डायक्लोफिनॅक’ नावाचे औषध देत. ते जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केले. पण तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात एक, असा हिशेब उरला होता. मुंबईच्या डुंगरवाडीवर पारशी बांधवांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या रिवाजात खंड पडला, तोही ह्यामुळेच. औषध देणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात काय होते? गाईची दयाच ना!

कल्याणहून कसाऱ्याचा घाट चढून गेले की इगतपुरी तालुक्यात टाकेद लागते. रावणाने पंख छाटलेला जटायू तिथे पडला आणि रामाने त्याला सद्गती दिली, असे लोक मानतात. गिधाडाचे क्रियाकर्म पोटच्या पोरासारखे करणारा देव आपला. तरी गिधाडे नाहीशी झाल्याचे आपल्यापैकी कितीजणांच्या ध्यानात आले? महाडचे प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांच्या ‘सीस्केप’ संस्थेची मंडळी ह्यांच्या मात्र आले. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या गावकऱ्यांना हाताशी धरून त्यांनी तिथली घरटी राखली. ह्या मंडळींनी गिधाडाच्या जेवणाचीही काळजी केली. मेलेले ढोर पुरून न टाकता त्यांना घालायचे, हे त्यांनी लोकांना पटवले.

असो. मी माझ्या मुलुखाकडे येतो. ठाण्याला एका अंगाने येऊरचे डोंगर, दुसऱ्या अंगाने खाडी. कल्याण-डोंबिवलीला उल्हास नदी आणि लांबवर मलंगगड. शिकारी पाखरांना आणखी काय हवे? ओदोरिक नावाचा ख्रिस्ती साधू चौदाव्या शतकात ठाण्याला येऊन गेला. इथले उंदीर कुत्र्याएवढे असतात आणि मांजरांचे त्यांच्यापुढे काही चालत नाही, असे तो लिहून गेला आहे. बिचाऱ्याने घूस पाहिली असावी! घुशी आजही आहेत, म्हणून गव्हाणी घुबडही आहे. ते आता गव्हाणीत न राहता इमारतींच्या पोटमाळ्यांत आणि पाण्याच्या नळांच्या बोळकांडीत राहते. शिवाय पिंगळा आहे, शिक्रा आहे, आणि घारी तर उदंड.

ह्या पाखरांवर येणारी संकटे बहुतेक माणसांनीच केलेली. संक्रांतीच्या सुमारास नायलॉनचा मांजा पंखात रुततो. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने ह्या मांजावर देशभर बंदी घातली. दुकानाच्या मागच्या दाराला ती अजून कळलेली नाही. पावसाळ्यापूर्वी फांद्या तोडतात, त्यात घरटी जातात. दिवसा चुकून बाहेर पडलेल्या घुबडाला कावळे टोचून टोचून अर्धमेले करतात. अशा वेळी धावून जाणाऱ्या संस्था आमच्याकडे आहेत. डोंबिवलीत ‘पॉज’ आहे, कल्याणात ‘वॉर’ आहे, आणि कुठल्याच फलकाखाली नसलेली पोरेही पुष्कळ आहेत. नोकरी-धंदा सांभाळून ती रात्री-अपरात्री खोके घेऊन धावतात. वन्य पक्षी कायद्याने सरकारची मालमत्ता. तो हाती आला तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत वनखात्याला किंवा पोलिसांना कळवावे लागते, हेही मला त्या फटफटीवाल्या तरुणाकडून कळले.

त्याच्याबरोबर मी जाऊ लागलो तो प्रायश्चित्त म्हणूनच. सुरुवातीला माझे काम खोका धरण्याचे. जाड टॉवेल अंगावर टाकून पक्ष्याचे डोळे झाकायचे, चोचीपेक्षा नख्यांना भ्यायचे, भोके पाडलेल्या खोक्यात त्याला अंधारात ठेवायचे, तोंडात पाणी ओतायचे नाही, हे हळूहळू शिकलो. सगळ्यात अवघड धडा पिल्लांचा. जमिनीवर दिसलेले प्रत्येक पिल्लू पोरके नसते. धडधाकट असेल तर टोपलीत घालून त्याच झाडावर बांधायचे आणि दूर जाऊन बसायचे. आईबाप बहुधा येतात. पिल्लाला माणसाने मायेने वाढवले, आपले तोंड दाखवून भरवले, तर ते स्वतःला माणूस समजू लागते, आणि मग जन्मभर ते ना माणसाचे ना घारीचे. हे ऐकल्यावर मला आमचे ते तीन दिवस आठवले. पिल्लू आ वासत होते आणि आम्ही घरभर कौतुक करीत होतो. दूध-पाव पचला असता, तरीही आम्ही त्याला असे गमावलेच असते.

आणि जेवण! नुसते मांस भागत नाही. हाडापिसांसकट लागते, नाहीतर पिल्लांची हाडे वाकतात. एका रविवारी तरुणाने मला कोंबडीच्या दुकानात पाठवले. ओळखीचे कुणी भेटू नये म्हणून मी मुद्दाम रेल्वेच्या पलीकडच्या बाजूचे दुकान गाठले. रांगेत माझ्यापुढे आमच्याच शाळेतल्या एका मुलीचे वडील! “मास्तर, तुम्ही?” “घुबडासाठी,” मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असे काही पाहिले, की ‘माझ्यासाठी’ म्हटले असते तर बरे, असे मला वाटले. ती पिशवी मी घरी कधी नेली नाही. परस्पर तरुणाच्या खोलीवर पोचवायचो, तिथेच हात धुवायचो. आईने कधी विचारले नाही. पण त्या रात्री ताट वाढताना ती माझ्या हातांकडे पाहायची.

गेल्या दिवाळीत धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या इमारतीच्या मीटरच्या खोलीत गव्हाणी घुबड शिरले. बाहेर बाण सुटत होते, त्याने भेदरलेले. जिन्यात गर्दी जमली. कुणी अपशकुन म्हणाले. कुणी लक्ष्मीचे वाहन म्हणून हळदकुंकू आणायला धावले. मी टॉवेल टाकून त्याला उचलले. पंख शाबूत होते. तरुणाला दूरध्वनी केला, तर तो ठाण्याला दुसऱ्या एका घारीपाशी अडकलेला, “वनखात्याला मी कळवतो. पहाटे येतो, तोवर राहू द्या,” म्हणाला. खोका मी गॅलरीत ठेवला, वर चादर टाकली. आई दारात उभी होती.

“ह्याच्या जेवणाचे काय?” तिने विचारले.

“आज काही द्यायचे नाही. पहिली रात्र त्याला शांत ठेवायचे.”

“अरे, सणाच्या दिवशी उपाशी?”

मी काही बोललो नाही. ती बराच वेळ तिथेच उभी राहिली, मग देवापुढे जाऊन बसली.

पहाटे दारावरची घंटा वाजली तेव्हा आई उटणे कालवीत होती. तरुण रात्रभर जागलेला दिसत होता. त्याच्या एका हातात काळी पिशवी होती आणि ती घेऊन तो उंबऱ्याबाहेरच घुटमळत होता. आमचे घर त्याला माहीत होते. आईने त्याला आत बोलावले, पाटावर बसवले, चकली-लाडवांची थाळी त्याच्यापुढे ठेवली. त्याने पिशवी पाठीमागे सारून थाळीला हात लावला.

“थांब,” आई म्हणाली आणि तिने गॅलरीचे दार उघडले. “आधी त्याचे.”