मे महिन्यातला रमजान आणि मुलांचे मैदान

हिजरी वर्ष चंद्रावर चालते. सौर वर्षापेक्षा ते सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून रमजान दरवर्षी तेवढे दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. १९८७ साली तो जवळजवळ पूर्ण मे महिनाभर होता. २०२० साली तो एप्रिलच्या अखेरीस सुरू झाला आणि ईद २५ मे रोजी झाली. पहिल्या वेळी मी आठ वर्षांचा होतो. दुसऱ्या वेळी उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर झालो होतो. गाव तेच, नेर. अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचे, यवतमाळ जिल्ह्यातले. ऊनही तेच. मुले उन्हाळ्यात कुठे खेळत होती आणि आता कुठे खेळतात हे मोजायला यापेक्षा चांगली पट्टी मला सापडली नाही.

कुणी म्हणेल, २०२० हे तर टाळेबंदीचे वर्ष, तेव्हाची तुलना कशी करता? आक्षेप बरोबर आहे. म्हणून २०१९ घेऊ. त्या वर्षी रमजान ७ मे रोजी सुरू झाला आणि ५ जूनला ईद झाली. कुठलीही बंदी नव्हती. तरी संध्याकाळी असरच्या नमाजनंतर गावातून फेरी मारली तर पोरांचा गलका ऐकू येत नव्हता. टाळेबंदीने मैदान रिकामे केले नाही. ते आधीच रिकामे झाले होते.

१९८७ च्या उन्हाळ्याला एक वेळापत्रक होते आणि ते कुणी लिहून दिलेले नव्हते. सहरीला उठलेली मुले फजरनंतर झोपत नसत, उजाडताच बाहेर पडत. नऊच्या सुमारास ऊन चढले की घरी परत. दुपारी बाहेर जायची बंदी. अम्मी कांदा खिशात ठेवायला लावायची, दादी बाभळीवरच्या भुताची भीती घालायची. दोन्हींचा हेतू एकच, लू लागू नये. दुपारभर ओसरीवर चिंचोके आणि अष्टचंगा, किंवा चिठ्ठ्या टाकून राजा-वजीर-चोर-शिपाई. ज्यांनी हट्टाने अर्ध्या दिवसाचा रोजा धरला असेल त्यांची पाण्याच्या माठावर नजर. पाचनंतर पुन्हा मैदान, ते थेट मगरिबच्या अजानपर्यंत. रात्री मोठी माणसे तरावीहला उभी राहिली की पहिल्या काही रकातींनंतर आम्ही हळूच बाहेर सटकायचो आणि मशिदीच्या गल्लीत छुपाछुपी सुरू व्हायची. त्याच वर्षी दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले होते. रविवारी सकाळी मात्र मैदान ओस पडे, कारण सगळी पोरे, आमच्या मोहल्ल्यातलीही, ज्याच्या घरी टीव्ही आहे त्याच्या दारात बसलेली असत.

मैदान म्हणजे तरी काय? वऱ्हाडात कापसाची शेवटची वेचणी झाली की उलंगवाडी होते. पऱ्हाटी उपटून सरपणाला जाते आणि गावाला लागून असलेली वावरे पावसापर्यंत मोकळी राहतात. मालक सहसा काही बोलत नसे. ही जागा ना नगरपालिकेची होती ना शाळेची; ती उन्हाळ्यापुरती मुलांची होती. पऱ्हाटीच्या काड्या स्टंपाच्या कामी येत आणि बाभळीच्या फांदीतून विटी आणि दांडू दोन्ही निघत.

इथे माझ्यातला भाषेचा मास्तर थोडा थांबतो. आमच्या घरी खेळाचे नाव गिल्ली-डंडा, पलीकडच्या गल्लीत विटी-दांडू. आम्ही लट्टू म्हणायचो, ते भोवरा. आमच्यात डाव ज्याच्यावर येई तो ‘दाम’ देई, त्यांच्यात त्याच्यावर ‘राज्य’ येई. पण जोडीदाराला दोन्हीकडे ‘भिडू’च म्हणत. आणि विटीने अंतर मोजताना महाराष्ट्रभर जे शब्द चालतात, वकट, लेंड, मूंड, नाल, ते ना मराठी ना उर्दू. ते तेलुगूतले एक, दोन, तीन, चार आहेत: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. कोणत्याही पाठ्यपुस्तकाने हे शिकवलेले नाही. पिढ्यानपिढ्या मुलांनी ते मुलांकडून घेतले. विटी-दांडूचा उल्लेख मराठी संतांच्या रचनांत येतो. प्रेमचंदांनी याच खेळावर कथा लिहिली. नजीर अकबराबादींनी पतंगबाजी आणि पोहण्यावर नज्मा लिहिल्या. एवढ्या भाषा एका खेळात मिसळतात, कारण एवढ्या भाषांची मुले एका जागी खेळलेली असतात. मी स्वतः बोलती मराठी आधी शिकलो ती वर्गात नव्हे, त्या मोकळ्या वावरात. भांडायला शब्द लागत.

जुन्या दिवसांवर मध लावण्याची आपल्याला सवय असते, म्हणून दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली, ते मैदान मुलींचे नव्हते. मुलींच्या वाट्याला अंगण, सागरगोटे आणि टिक्कर-बिल्ला. दहा-अकरा वर्षांच्या झाल्या की अंगणही कमी होत जाई. हे आमच्याच मोहल्ल्यात होते असे नाही, पलीकडेही तसेच. दुसरी, सगळ्यांना सुट्टी नव्हती. जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात मे महिना तेंदूपत्त्याचा. कित्येक मुले पहाटे आईबापांबरोबर पाने तोडायला आणि दुपारी पुडे बांधायला बसत. त्यांच्या उन्हाळ्याची आठवण वेगळी आहे.

आता खेळांचा इतिहास पाहू. देशी खेळ मेले अशी ओरड आपण करतो, ती खरी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना नियमांत बसवण्याचे काम महाराष्ट्रात झाले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम तयार केले. आमच्या शेजारच्या अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यात कबड्डीही होती. २०१४ पासून कबड्डीची व्यावसायिक लीग टीव्हीवर दिसते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्रातले. त्यातला महिलांचा विजय मी वर्गात मुद्दाम सांगतो.

म्हणजे खेळ टिकले. गेली ती संध्याकाळ, जिला पंच नव्हता, गणवेश नव्हता, फी नव्हती.

ती एकाएकी गेली नाही. आधी क्रिकेटने बाकीचे खेळ बाजूला सारले. एप्रिल १९९८ मध्ये शारजात सचिनने दोन दिवसांच्या अंतराने दोन शतके काढली, त्या उन्हाळ्यात गोट्या खेळणारा पोरगा शोधून सापडला नसता. पण तेव्हाही मुले बाहेर होती. मग घरोघरी कूलर आले. अंगणात, गच्चीवर बाजा टाकून झोपणारी घरे दारे लावून आत झोपू लागली. लोडशेडिंगच्या काळात रात्री दिवे गेले की सगळा मोहल्ला ओट्यावर येई आणि मुलांना अंधारात लपायला मिळे. लोडशेडिंग कमी झाले, ते चांगलेच झाले, पण ओटाही गेला. गावालगतच्या वावरांत लेआऊट पडले. उलंगवाडीनंतरची मोकळी जमीन प्लॉट झाली, तिला तारेचे कुंपण आले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि स्वस्त डेटा लहान मुलाच्या हातापर्यंत पोहोचला. मोबाइल सर्वांत शेवटी आला. दोष मात्र आपण सगळा त्यालाच देतो. बाहेर जायला जागा उरली नव्हती, तेव्हा मुलाने आत जे मिळाले ते धरले.

‘आता ऊनच फार झाले’ हे कारणही नेहमी ऐकू येते. ऊन वाढले आहे यात शंका नाही. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. पण विदर्भ कधीच थंड नव्हता. म्हणून तर आमच्याकडच्या शाळा उन्हाळ्यानंतर उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. आधीच्या पिढ्यांनी उन्हाशी तह केला होता: दुपार त्याची, सकाळ-संध्याकाळ आमची. तो तह आपण मोडला. सकाळ शिकवणीला दिली, संध्याकाळ पडद्याला. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर ८ ते २५ एप्रिल अशा ठेवल्या गेल्या, तेव्हा विदर्भातल्या शिक्षक-पालकांनी उन्हाचे कारण देऊन हरकत घेतली. ती योग्यच होती. मुलांच्या सुट्टीतून कापलेल्या पंधरा दिवसांबद्दल मात्र फार कमी लोक बोलले.

आपल्या समाजात आणखी एक शब्द आहे: फुजूल. खेळ म्हणजे फुजूल वेळ. हा शब्द वापरणाऱ्यांना मी हजरत अनस यांची हदीस आठवून देतो. लहानपणी ते पैगंबर साहेबांच्या खिदमतीत होते. एकदा कामाला पाठवले असता वाटेत बाजारात खेळणाऱ्या मुलांपाशी ते रेंगाळले. पैगंबर साहेबांनी मागून येऊन हाक मारली, तेव्हा ते हसत होते. रागावले नाहीत.

काय गेले याचा हिशेब करताना मला सर्वांत जास्त बोचते ते हे: माझ्या वर्गातल्या मुलाला पलीकडच्या गल्लीतल्या एकाही मुलाचे नाव माहीत नसते, आणि तिकडच्या मुलाला याचे. माध्यम वेगळे, शाळा वेगळी, वस्ती वेगळी होत चालली. तिन्ही वेगळे असूनही पूर्वी मैदान एक होते. ते गेल्यावर दोघांना एकमेकांची ओळख मोबाइलवरच्या व्हिडिओंतून होते, आणि ते व्हिडिओ कसले असतात हे सांगायला नको. मुलांचे मराठी कच्चे राहते अशी तक्रार उर्दू शाळांत आम्ही सगळेच करतो. भिडू नसेल तर भाषा कुठून येणार?

उपाय मोठे नाहीत. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला खेळाचे मैदान आवश्यक ठरवले आहे. मे महिन्यात त्या मैदानांना कुलूप असते. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ ते उघडता येईल, एक माणूस बसवला की झाले. मुलींसाठी त्यातला ठरावीक वेळ राखता येईल. मोठ्या लेआऊटच्या नकाशात दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. आपल्या लेआऊटचा नकाशा काढून ती जागा आज कुठे आहे, तिच्यावर काय उभे आहे, हे पालकांनी नगरपरिषदेत जाऊन विचारावे. दोन्ही गल्ल्यांतल्या पालकांनी एकत्र जाऊन विचारले तर अधिक बरे.

रमजान २०५३ च्या सुमारास पुन्हा मे महिन्यात येईल. आज आठ वर्षांचा असलेला मुलगा तेव्हा पस्तिशीत असेल. लेआऊटमधली ती खुली जागा तोपर्यंत कुणी बांधून टाकली नाही, तर त्याच्या मुलांना खेळायला ती असेल.