वडाळ्याची चकमक आणि भिवंडीची न घडलेली दंगल

1981 चा नोव्हेंबर. मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेचे पथक भिवंडीतील एका घराची झडती घेते. ज्याच्यासाठी हा छापा घातला, तो मनोहर अर्जुन सुर्वे ऊर्फ मन्या सुर्वे आधीच निसटलेला असतो. हाती लागतात एक हातबॉम्ब आणि एक गावठी बंदूक. मन्याच्या कहाणीत भिवंडीच्या वाट्याला आलेली जागा एवढीच.

दोन महिन्यांच्या आत, 11 जानेवारी 1982 रोजी, वडाळ्याच्या आंबेडकर महाविद्यालयाजवळ इसाक बागवान आणि राजा तांबट या अधिकाऱ्यांच्या गोळ्यांनी मन्या कोसळला. मुंबईतील पहिले 'एन्काउंटर' म्हणून ही घटना ओळखली जाते. 2013 साली संजय गुप्ता यांनी 'शूटआऊट ॲट वडाळा'मध्ये ती पडद्यावर आणली, जॉन अब्राहमने मन्या रंगवला, आणि दादरच्या कीर्ती महाविद्यालयात शिकलेला हा मराठी गुंड एका नव्या पिढीच्या तोंडी रुळला. चित्रपट झगझगीत आहे, संवाद टाळ्या घेणारे आहेत. तरुण प्रेक्षकाला तो आवडला यात नवल नाही. रटाळ सदाचारापेक्षा रंगतदार गुन्हा पाहणे कोणालाही अधिक आवडते.

मात्र फरारी माणूस भिवंडीत का लपतो, हा प्रश्न कॅमेऱ्याला पडत नाही. उत्तर मागांच्या खडखडाटात आहे. 1857 नंतर उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमीन विणकरांनी या गावात हातमाग रुजवले, पुढे त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली. तेलुगू पद्मशाली आले, उत्तरेतून आणखी मजूर येत राहिले. बारा बारा तासांच्या पाळ्या, एका खोलीत आळीपाळीने झोपणारी माणसे, भाड्याच्या जागा. अशा गावात अनोळखी चेहरा ही रोजची गोष्ट असते. नवा माणूस दिसला म्हणून कोणी मान वळवून पाहत नाही.

आता तारखांकडे पाहावे. वडाळ्याच्या चकमकीनंतर बरोबर एक आठवड्याने, 18 जानेवारी 1982 रोजी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्यांची धुरांडी थंडावली, पण बाजारातले कापड आटले नाही, कारण विणकाम भिवंडीसारख्या ठिकाणच्या छोट्या कारखान्यांकडे वळले होते. तेथे युनियन दुबळी, कायद्याचा हात तोकडा आणि मजुरी कमी. परळचा कामगार बेकार झाला. भिवंडीचा कामगार राबत राहिला, पण सुखी झाला नाही. महेश मांजरेकर यांच्या 'लालबाग परळ'ने (2010) गिरणगावातील पोरे टोळ्यांकडे कशी वळली ते दाखवले. या कथेचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे ते कापड गेले कोठे, हा अजून कोणा दिग्दर्शकाला सुचलेला दिसत नाही.

गुन्हेपटांचा आधुनिक वंशवृक्ष याच दोन-तीन वर्षांत रुजला, हेही लक्षात घेण्याजोगे. 1983 साली गोविंद निहलानी यांचा 'अर्धसत्य' आला. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य', पटकथा विजय तेंडुलकरांची. ओम पुरीचा अनंत वेलणकर हा फौजदार कोठडीत एका संशयिताला मारून टाकतो. शेवटी सदाशिव अमरापूरकरांच्या रामा शेट्टीचा गळा आवळतो आणि स्वतःच पोलिसांच्या स्वाधीन होतो. येथे पोलिसाच्या हातून झालेल्या खुनाला चित्रपट खूनच म्हणतो. पंधरा वर्षांनी, 1998 मध्ये, राम गोपाल वर्मांचा 'सत्या' आला. मनोज बाजपेयींच्या भिकू म्हात्रेने गुंडाला घर, बायको, मित्र आणि हसू दिले. तो चित्रपट थोर आहेच. पण त्यातील पोलीस आयुक्त कायद्याबाहेर जाण्याची मुभा देतो तेव्हा चित्रगृहाला त्यात काही वावगे वाटत नाही. 2004 च्या 'अब तक छप्पन'च्या तर नावातच मारलेल्यांची मोजदाद आहे. वेलणकरची बोचणी कोठेतरी वाटेत गळून पडली.

निहलानींचा भिवंडीशी आणखी एक, फारसा न सांगितला जाणारा धागा आहे. मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भिवंडीत भीषण दंगल उसळली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. दंगलीनंतर अभिनेते बलराज साहनी तेथे गेले, त्यांच्याबरोबर धाकटे बंधू भीष्म साहनीही होते. जळालेली वस्ती पाहताना भीष्मजींना 1947 चे रावळपिंडी आठवले, आणि त्या आठवणीतून 'तमस' ही कादंबरी लिहिली गेली. तिच्यावर निहलानींनी केलेली मालिका 1988 साली दूरदर्शनवर आली. नत्थूच्या भूमिकेत पुन्हा ओम पुरीच.

त्याच 1988 साली भिवंडीत प्रत्यक्ष एक वेगळा पोलीस काम करू लागला होता. चार वर्षांपूर्वी, मे 1984 मध्ये, गाव दुसऱ्यांदा होरपळले होते. पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी जुन्या शांतता समित्यांची रीत मोडली. त्या समित्यांत पुढारी आणि प्रतिष्ठित बसत, दंगल पेटली की छायाचित्रापुरते एकत्र येत. खोपड्यांनी गाव सुमारे 70 भागांत वाटले आणि प्रत्येक भागात मोहल्ला समिती नेमली. हिंदू आणि मुसलमान सारखेच. सदस्य म्हणून त्या गल्लीतीलच साधी माणसे. आणि कामाचा मुख्य आधार होता बीटचा पोलीस शिपाई, ज्याला एरवी साहेबाच्या गाडीचे दार उघडण्यापलीकडे कोणी विचारत नसे.

बैठकांत काय चाले? धर्मावर व्याख्याने नव्हेत. नळाचे भांडण, भाडेकरूची तक्रार, पोरांची हाणामारी, कोणत्या मार्गाने मिरवणूक न्यायची. रटाळ कामे, अगदी संकलकाने पहिल्याच फेरीत कापून टाकावीत अशी. पण त्यातून दोन गोष्टी घडल्या. शेजाऱ्याचा चेहरा ओळखीचा झाला, आणि अफवा आली की ती कोणाला विचारून खरी-खोटी करायची हे गल्लीला कळले. दंगलीचे इंधन अफवा असते. ती येथे शिपायाच्या कानापर्यंत पोचून विझू लागली.

कसोटी डिसेंबर 1992 मध्ये आली. अयोध्येत बाबरी मशीद पडली. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईत 900 माणसे मारली गेली; न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात हा आकडा आहे. 12 मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांत आणखी 257. त्यावर अनुराग कश्यपने 'ब्लॅक फ्रायडे' केला. खटल्यामुळे अडकलेला तो चित्रपट 2007 मध्ये प्रदर्शित झाला, आणि पोलीस तपास पडद्यावर किती प्रामाणिकपणे दाखवता येतो याचा तो आजही नमुना आहे. मुंबई जळत असताना, 1970 आणि 1984 चा इतिहास असलेली भिवंडी मात्र शांत राहिली. अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी आपल्या संशोधनात या घटनेची दखल घेतली. मुंबई जळाली तेव्हा भिवंडी का जळाली नाही, या प्रश्नावर पुढे खोपड्यांनी स्वतः पुस्तक लिहिले.

चित्रपट मात्र कोणी काढला नाही. अडचणही उघड आहे. न घडलेल्या दंगलीचे चित्रीकरण कसे करणार? मन्या सुर्वे टॅक्सीतून उतरतो, बंदुका सुटतात, दोन मिनिटांत दृश्य पूर्ण. गल्लीच्या तोंडाशी खुर्च्या टाकून रात्रभर जागणाऱ्या माणसांकडे पार्श्वसंगीत किती वेळ टिकेल?

भिवंडीची ही गोष्ट शेवटपर्यंत गोडही राहिली नाही. जुलै 2006 मध्ये कब्रस्तानालगत पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक ठार झाले, आणि त्याच रात्री जमावाने दोन शिपायांना ठार मारले. मोहल्ला समित्यांचा पूर्वीचा ताल तोपर्यंत उरला नव्हता, असे त्या वेळी अनेकांनी लिहिले. मारले गेले ते दोघेही शिपाई होते, ज्या हुद्द्याच्या माणसांवर 1988 ची ती सारी रचना उभी होती.