पडद्यामागची बदली

आमच्या राजूरच्या पेठेत दुकानोदुकानी फिरून एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करणारा एक गडी एका रात्री माझ्या दारी आला. थैलीत सात दुकानदारांचे पैसे होते, पण मोबाइलमध्ये त्यांच्या नोंदी नव्हत्या. नोंदी भरता भरता घरून फोन आला, बोलणे लांबले, आणि पुन्हा ॲप उघडले तर फॉर्म कोरा! संस्थेत मात्र कुजबुज सुरू झाली की, हा हिशेब लपवतो. "भाऊ, मी काही दाबलं नाही हो," एवढेच तो सांगे. मग दाबले कोणी? त्या प्रश्नापायी हा सातवी शिकलेला माणूस ज्या विद्येच्या मागे लागला, तिचा इतिहास आज आपल्यापुढे मांडतो.

टेबलावरच्या संगणकात खिडक्यांचा धनी माणूस असे. उघडणारा तोच, मिटणाराही तोच. मेमरी अपुरी पडली तर संगणक काही मजकूर तबकडीवर नेऊन ठेवी. काम मंदावे, पण सहसा मरत नसे. मोबाइलला ही चैन परवडणारी नव्हती. २००७ च्या पहिल्या आयफोनात मेमरी अवघी १२८ एमबी, तर २००८ च्या पहिल्या अँड्रॉइड फोनात १९२. आयफोनने प्रारंभी सोपा मार्ग धरला. बाहेरच्या कारागिरांचे ॲप सोडून आपण मुख्य बटण दाबले की ते संपलेच. पडद्यामागे झोपून राहण्याची मुभा त्याला २०१० साली मिळाली. अँड्रॉइडने पहिल्यापासून अनेकांना पदरी ठेवले. मात्र कोणाला केव्हा काढायचे, हा अधिकार यंत्रणेने स्वतःकडे घेतला.

माझे चुलते परळच्या एका गिरणीत बदली कामगार होते. नाव पटावर, हक्क मात्र कशावरच नाही. रोज फाटकाशी उभे राहायचे. कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर आल्या वाटेने परत. पडद्यामागचे ॲप मला तसेच दिसते.

अँड्रॉइडमध्ये खिडकीला अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. ती जन्मते तेव्हा यंत्रणा 'ऑनक्रिएट' अशी हाक देते, थांबते तेव्हा 'ऑनपॉज', दृष्टीआड होते तेव्हा 'ऑनस्टॉप' आणि शेवटी 'ऑनडिस्ट्रॉय'. मेख अशी की, ही शेवटची हाक येईलच याची हमी नाही. मेमरी कमी पडली की दृष्टीआड गेलेल्याला नोटीस न देता काढले जाते. २०११ च्या तिसऱ्या आवृत्तीपूर्वी तर 'ऑनपॉज' नंतरही मान कापली जाऊ शके. फोन नुसता आडवा धरला तरी एरवी खिडकी मोडून नव्याने उभी राहते! पुढे २०१६ च्या सातव्या आवृत्तीत दोन खिडक्या शेजारी बसल्या. त्यातली एक समोर दिसत असूनही थांबलेली असे. म्हणून जाणता कारागीर निरोपाची वाट पाहत नाही. रकाना भरला की लगेच फोनमध्ये लिहून ठेवतो.

ही हयगय महाग पडते ती स्वस्त फोनवाल्याला. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले, तेव्हा त्यांच्या तक्रारींत दोन जीबीची तोकडी मेमरी होती. मोठ्या मेमरीचा फोन खिशात घेऊन ॲप बांधणाऱ्या माणसाच्या हातून असे प्रसंग क्वचितच घडतात, हे ध्यानात घ्यावे.

असो. आम्ही संस्थेत गेलो. साहेबांच्या टेबलावर त्याच फोनवर तीन नोंदी भरल्या, मग कॅमेरा उघडला, नकाशा उघडला, आणखी दोन ॲप उघडली, आणि परत आलो. फॉर्म कोरा. साहेबांनी पुन्हा करून पाहायला सांगितले. दुसऱ्या खेपेस नोंदी टिकल्या, तेव्हा आमचा जीव खाली-वर झाला. तिसऱ्या खेपेस पुन्हा कोरा. आरोप मागे घेतला गेला, आणि दोन महिन्यांनी प्रत्येक नोंद जागच्या जागी जतन होऊ लागली. गडी मात्र अजून खिशात छोटी वही बाळगतो. आधी वहीत लिहितो, मग मोबाइलमध्ये.