ताटलीची पाठ

जुनी इमारी ताटली हाती आली की जाणता संग्राहक आधी ती पालथी करतो. दर्शनी बाजूला निळ्या, तांबड्या, सोनेरी रंगांत शेवंती आणि फुलदाण्यांचा सगळा थाट असतो, पण कूळ कळतं ते पाठीवरून. तिथे बारीक खरखरीत ठिपके दिसले तर माल बहुधा जपानी. भट्टीत मोठ्या ताटलीचा तळ खचू नये म्हणून तिला मातीच्या छोट्या शंकूंचा टेकू देत, त्याच्या या खुणा. याच पाठीवर पुष्कळदा चिनी अक्षरांत नोंद असते, की ही वस्तू मिंग घराण्यातल्या छंगह्वा सम्राटाच्या काळात घडवली. हा सम्राट १४८७ साली वारला. ताटली त्यानंतर पावणेदोनशे-दोनशे वर्षांनी जपानात भाजलेली! याला सरळ बनावट म्हणायला मी कचरते. प्रतिष्ठित मूळ संहितेचा आधार घेण्याची ती रीत होती. पण घडवणाऱ्याचं नाव तिथे सहसा नसतं, हेही खरं.

‘इमारी’ हे नावसुद्धा उसनंच. इमारी हे क्यूशू बेटावरचं बंदर. भांडी घडत ती तिथून काही मैल आत, अरिता या डोंगराळ गावी. कालिकतवरून कापडाला ‘कॅलिको’ नाव पडलं आणि विणकराचं गाव कुणी विचारलं नाही, तसंच हे. आपण मराठीत याला चिनी माती म्हणतो. अरिताची ‘माती’ चिनी तर नव्हतीच, मुळात मातीही नव्हती. इझुमियामा डोंगरातला दगड फोडून, पाण्यावर चालणाऱ्या मुसळांनी कुटून त्याचं पीठ करत आणि ते मळून चाकावर घेत.

तो दगड ओळखला कुणी? हिदेयोशीने १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या. परतताना जपानी सरदारांनी लुटीबरोबर कुंभारही आणले. नाबेशिमा नाओशिगेच्या मुलखात आलेल्यांपैकी एक यी साम-प्यॉङ. जपानात त्याचं नाव कानागाए सानबेई झालं. १६१६ साली त्याला इझुमियामाचा दगड सापडला, असं परंपरा सांगते. तोवर जपानला पोर्सेलिन करता येत नव्हतं. पुढे १६३७ मध्ये नाबेशिमांनी ८२६ जपानी कुंभारांना हाकलून दिलं. सरपणासाठी रान उजाड होतं, हे कारण दिलं गेलं; धंदा मोजक्या भट्ट्यांत एकवटला, हा परिणाम. गुलाम म्हणून आणलेल्यांची वंशावळ राहिली आणि घरचे कुंभार बाहेर गेले.

मिंग सत्ता कोसळल्यावर चीनचा माल आटला आणि डच कंपनी अरिताकडे वळली. १६५९ साली तिने पन्नास हजारांहून अधिक नगांची मागणी नोंदवली. नागासाकीहून बटाव्हियामार्गे हा माल युरोपात पोचला आणि राजेलोक त्यापायी वेडे झाले. सॅक्सनीच्या ऑगस्टसने तर याला स्वतःचा आजारच म्हटलं पाहिजे, इतका साठा केला. सोनं बनवून दे, म्हणून त्याने ब्योटगर नावाच्या तरुण किमयागाराला कोंडून ठेवलं होतं. सोनं काही झालं नाही, पोर्सेलिन झालं. १७१० मध्ये माइसेनचा कारखाना निघाला आणि तिथे अरिताच्या नकला होऊ लागल्या. (तोवर खुद्द चिनी कारागीरही निर्यातीसाठी इमारीची नक्कल करू लागले होते. तौलनिक साहित्याच्या वर्गात मूळ आणि प्रभाव यांवर घातलेले वाद मला इथे फार आठवतात.) १७१७ मध्ये याच ऑगस्टसने प्रशियाच्या राजाला ६०० घोडेस्वार सैनिक दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. एका भांड्याला चार माणसं, असा साधारण भाव पडला. त्यातल्या मोठ्या बरण्यांना आजही त्या स्वारांच्याच नावाने, ‘ड्रॅगून’ म्हणून ओळखतात. स्वारांची नावं मात्र कुठल्याच बरणीवर नाहीत.

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जपानी भांडी पाहताना मला नेहमी चुटपुट लागते, की काचेआड पाठ दिसत नाही.

अरितात तोझान नावाचं एक शिंतो देऊळ आहे. त्याची कमान पोर्सेलिनची, निळ्या वेलबुट्टीची. वरच्या टेकडीवर १९१७ साली यी साम-प्यॉङचं स्मारक उभारलं. खाली देवळात तो देव म्हणून पुजला जातो, आणि त्याच्या शेजारी, त्याच देवळात, नाबेशिमा नाओशिगेही.